पोच

फर्निचरच्या दुकानावरचे तीन मजले,
त्याला आम्ही विद्यापीठ म्हणतो.
खाली कपाटं घासतात, वर नेटवर्किंग शिकवतात,
वॉर्निशचा वास दोन्हीकडे एकच.
पाटीवर लिहिलंय: माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान.
मधला 'आणि' गेल्या वर्षी वाऱ्याने पाडला,
अजून कुणी लावलेला नाही.

मी जिन्याच्या तोंडाशी, फीच्या खिडकीत.
लुसाकातला ऑक्टोबर: पायऱ्यांवर जॅकरंडाचा जांभळा कचरा,
करिबा धरणाचा तळ दिसतोय,
दिवसातले सतरा तास भारनियमन.
सर्व्हर, पंखे, परीक्षा, माझ्या पावत्यांचं यंत्र,
सगळं मागच्या अंगणातल्या जनरेटरवर,
आणि जनरेटर बा मुतालेंवर.
वरच्या मजल्यावरचे म्हणतात, म्हाताऱ्याला पाचपोच नाही.

सिचोने सर तासाला सांगतात,
दोन यंत्रं बोलू लागण्याआधी काय करतात ते.
एक म्हणतं, आहेस का?
दुसरं म्हणतं, आहे. तू आहेस का?
पहिलं म्हणतं, आहे.
मगच कामाचं बोलणं.
मुलं हसतात. त्यांच्या गावी हेच तर चालतं:
गुडघे वाकवून, हलकेच टाळी वाजवून,
झोप लागली का, पोरं कशी, जाळ्यात काय आलं,
आणि पुष्कळ वेळाने, जाता जाता,
जरा मीठ मिळेल का.

आज फीचा शेवटचा दिवस.
पाच वाजता मला एक बटण दाबायचंय.
बाकी असलेली नावं बंद होतील:
हजेरी, ग्रंथालय, सोमवारची परीक्षा.
यादीत अकरा.
दहा जणांची कारणं मला पाठ आहेत.
अकरावा कपेम्ब्वा, चिलुबी बेटावरचा, तिसऱ्या वर्षाचा.
खिडकीशी उभा. काही मागत नाही.
फोन कपाळाला लावलेला, ताप बघावा तसा.

आईने सकाळीच पाठवलेत म्हणे.
सुकी मासळी पोत्याने विकून,
होडीने सामफ्याला येऊन,
मोबाइल-मनीच्या टपरीत मोजून दिले.
टपरीवाली म्हणाली, गेले.
इथे आलेले नाहीत.
तिथला टॉवर सकाळपासून बंद.

मग ते चार हजार क्वाचा या क्षणी आहेत कुठे?
मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.
"रांगेत, मॅडम."
जरा थांबून म्हणाला,
"पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं, असं सरांनी शिकवलंय.
पण ती पुन्हा कुठून पाठवणार?"

पाचला चार मिनिटं.
नियम मला माहीत आहेत, मीच टाइप केलेत.
मी स्टेपलर उघडला, मिटला.
अंगणात बा मुताले डब्यावर बसून शेंगा सोलत होते.
खिडकीतलं सगळं त्यांना ऐकू जातं,
उजवा कान गेलाय असं अर्जात लिहिलं असलं तरी.
ते उठले. टरफलं झटकली.
जनरेटरला एक ढास लागली
आणि इमारत गप्प.
पंखा सवयीने दोन गिरक्या अजून फिरला.
"डिझेल," ते म्हणाले,
कुणाकडेही न बघता.

खाली दुकानात कुणीतरी हाताने करवत ओढू लागलं.

वीज आली पहाटे.
रात्री केव्हातरी सामफ्याचा टॉवर जागा झाला होता,
दोन वाजून एकोणीस मिनिटांची नोंद,
कपेम्ब्वा, पूर्ण रक्कम.
मी बटण दाबलं.
दहा नावं गेली.
त्यांचंही काहीतरी कुठल्या रांगेत असेल.
मी विचारलं नव्हतं.

चहाला अंगणातून गेले
तर जनरेटरच्या टाकीची काच लख्ख पुसलेली,
डिझेल अर्ध्याच्या वर.
बा मुताले गुडघ्यातून किंचित वाकले
आणि टाळी वाजवली,
हलकीच.

हातातला कप कुठे ठेवावा, मला कळेना.